रेषेचा रहिवासी दाखला

अमूर्त चित्रकला ही उसनी वस्तू आहे, ती आपल्या मातीतून वर आलेली नाही, एवढे एक विधान करून संपूर्ण कलाव्यवहाराची वासलात लावण्याची सवय मराठी समीक्षेला जडून आता बराच काळ लोटला. हे विधान चित्रांपुरते थांबत नाही. मर्ढेकरांची कविता, नवकथा, अस्तित्ववादी म्हणून ओळखली गेलेली कादंबरी या सगळ्यांच्या दाराशी हाच पहारेकरी उभा असतो आणि आत काय आहे हे पाहण्यापूर्वी तो रहिवासी दाखला मागतो. भालचंद्र नेमाडे यांच्या मूळ मांडणीत देशीयता हे मूल्यव्यवस्थेविषयीचे विधान होते. त्याच्याशी मतभेद संभवतात. परंतु ते विचार म्हणून समोर आले होते आणि विचार म्हणूनच त्याचा प्रतिवाद करता येत होता. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याचा रबरी शिक्का केला. एम. ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना 'ही कृती पाश्चात्त्य प्रभावाखाली लिहिली गेली असल्याने...' असे आरंभ असलेले वाक्य इतक्या वेळा भेटते की विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ वाटत नाही. त्याने ते आमच्याच वर्गांतून उचललेले असते.

प्रस्तुत लेखात या शिक्क्याची परीक्षा घ्यावयाची आहे आणि ती मुद्दाम अंगणाबाहेर, फिलिपीन्समध्ये. घरची उदाहरणे घेतली की त्यांत गटांचे, प्रकाशनसंस्थांचे आणि जुन्या वादांचे इतके हिशेब मिसळतात की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. शिवाय ही कसोटी जेथे सर्वांत अधिक चालावी असे वाटते, तेथेच ती लावून पाहणे न्यायाचे. फिलिपीन्स १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनच्या आणि नंतर १९४६ पर्यंत, मधली जपानी ताब्याची वर्षे वगळता, अमेरिकेच्या सत्तेखाली होते. तेथील ज्या चित्रकाराचे उदाहरण मी घेणार आहे, तो फेर्नान्दो झोबेल २७ ऑगस्ट १९२४ रोजी मनिलात जन्मला. म्हणजे आपल्या वासुदेव गायतोंड्यांच्याच वर्षी. घराणे स्पॅनिश वंशाचे, झोबेल दे आयाला हे नाव म्हणजे जमीनदारी आणि उद्योग यांचा त्या देशातला जणू समानार्थी शब्द. शिक्षण हार्वर्डमध्ये, पदवीचा प्रबंध लोर्काच्या नाटकांवर. उत्तरायुष्य स्पेनमध्ये, मृत्यू २ जून १९८४ रोजी रोममध्ये, दफन स्पेनमधील क्वेन्का या गावी. उसनवारीचा आरोप सिद्ध करण्यासाठी याहून सोयीचा आरोपी मिळणे कठीण. आमच्या देशीवाद्यांना मी सर्वांत सोपा खटला देत आहे. तो तरी त्यांना जिंकता येतो का, ते पाहू.

आरोपाचा पहिला पुरावा तयारच आहे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे झोबेलने मार्क रॉथ्कोची चित्रे पाहिली आणि आकृतिप्रधान चित्रांपासून तो दूर जाऊ लागला. झाले; उसनवारी सिद्ध. येथे आपला समीक्षक लेखणी खाली ठेवतो. पण लेखणी खाली न ठेवता थोडे मागे गेले तर काय दिसते? फिलिपीन्समध्ये 'आपल्या मातीतले' म्हणून मान्यता पावलेले चित्र म्हणजे फेर्नान्दो आमोर्सोलोचे. पिकल्या भाताची शेते, पाठीमागून येणारे सोनेरी ऊन, डोक्याला फडके बांधलेली हसरी शेतकरी तरुणी. १९७२ साली या चित्रकाराला देशाचा पहिला 'राष्ट्रीय कलावंत' म्हणून घोषित करण्यात आले. देशीपणाचे याहून मोठे प्रमाणपत्र नाही. आता या प्रमाणपत्राची मागची बाजू पाहा. आमोर्सोलोला माद्रिदच्या सान फेर्नान्दो अकादमीत शिकण्यासाठी १९१९ साली ज्याने पैसे दिले, तो एन्रिके झोबेल दे आयाला, म्हणजे आपल्या चित्रकाराचा बाप. त्या उन्हाची रीत वेलास्केस आणि सोरोया यांच्या अभ्यासातून आलेली आणि त्या हसऱ्या तरुणींचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मनिलातले अमेरिकन अधिकारी आणि प्रवासी. परकीय शिक्षण, जमीनदाराचा पैसा, परदेशी खरीददार. या तीन गोष्टी अमूर्ताच्या वाट्याला आल्या की तो परात्मभाव ठरतो आणि भातशेताच्या वाट्याला आल्या की ती अस्मिता होते! एकाच वाड्याच्या तिजोरीतून दोन्ही चित्रांचा खर्च निघाला असता एकालाच दाखला विचारणे ही कसोटी नव्हे, हा पूर्वग्रह आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यापुढचे उदाहरण अधिक बोचावे. याच एन्रिके झोबेलने १९२० मध्ये 'प्रेमिओ झोबेल' हे पारितोषिक सुरू केले, फिलिपिनो लेखकांच्या स्पॅनिश लेखनासाठी. शाळांतून इंग्रजी येत होती आणि स्पॅनिश ओसरत होती. मावळत्या वसाहतवादी भाषेची ही मिरास जपण्याची धडपड म्हणून त्याकडे तुच्छतेने पाहता येईल. मग होसे रिसालचे काय करायचे? ज्या कादंबरीने फिलिपिनो राष्ट्रभावनेला वाचा दिली, ती 'नोली मे तांगेरे' १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली आणि ती स्पॅनिशमध्ये आहे. १९५६ मध्ये कायदा करून रिसालच्या कादंबऱ्यांचा अभ्यास शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्यात आला, तो चर्चचा कडवा विरोध पत्करून. आणि बहुतेक विद्यार्थ्यांनी त्या अनुवादातच वाचल्या. राष्ट्राचा आद्यग्रंथ जेत्याच्या भाषेत लिहिलेला आणि अनुवादातून घरी परतलेला. ज्यांना मूळ शोधायचे आहे त्यांनी येथे ते खुशाल शोधावे. रिसालची स्पॅनिश भाषा देशी आणि झोबेलची रेषा परकी, हे कोणत्या तर्काने ठरवायचे, एवढेच मला समजून घ्यावयाचे आहे.

आता चित्रांकडे. चित्रांविषयीच्या वादात चित्रांवर सर्वांत कमी बोलले जाते, हा आपल्याकडचा अनुभव येथे नको.

१९५३ च्या 'कारोसा' या चित्रात झोबेलने धार्मिक मिरवणुकीतील देवरथ रंगवला आहे. ते अजून आकृतीचे चित्र आहे. चार वर्षांनी 'साएता' ही मालिका सुरू होते. साएता म्हणजे बाण. आणि साएता म्हणजे स्पेनमध्ये ईस्टरपूर्व पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीत मूर्ती समोरून जात असताना भाविकाच्या कंठातून एकाएकी निघणारे गाणे. देवरथ गेला, मूर्ती गेली, गर्दी गेली. उरली ती त्या गाण्याची झेप. रंगाच्या एका विस्तृत पटावर अत्यंत बारीक, लांबच लांब रेषा एकमेकींना छेदत जातात. अशी रेषा कुंचल्याने काढता येत नाही, कारण कुंचल्यातला रंग वाटेतच संपतो आणि रेषा तुटते. झोबेलने म्हणून इंजेक्शनची सिरिंज वापरली. तिच्यातून दाबाने निघणारा तैलरंग सारख्या जाडीची, किंचित उठावाची रेषा सोडत जातो. हात अडखळला तर तेथे थेंब साचतो, हात घाईत असला तर रेषा विरळ होते, आणि एकदा सुटलेली रेषा परत घेता येत नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींविषयी जे लिहिले, ते कवितेवर ताणून बसवताना आपली जी दमछाक होते, ती या चित्रांपुढे होत नाही: समांतर रेषांचा संवाद, त्यांना छेदणाऱ्या रेषांचा विरोध, आणि मागच्या रंगाच्या वजनाने या दोहोंचा सावरला जाणारा तोल. (मर्ढेकरांचे लयतत्त्वही उसनेच, असे कोणी म्हणेलच. म्हणो.) दिसायला ही चित्रे उत्स्फूर्त, प्रत्यक्षात अतिशय ठरवून केलेली. असंख्य रेखाटने आधी होत आणि मग कॅनव्हासवर जाण्याचे धाडस. पुढे १९५९ मध्ये, मनिलातच, काळी मालिका सुरू झाली. रंग जवळजवळ सगळा काढून टाकलेला, पांढऱ्यावर काळी रेषा, आणि ती ओली असतानाच कोरड्या कुंचल्याने ओढून तिची केलेली धुराची छटा. येथे चिनी सुलेखनाचा अभ्यास उघड दिसतो.

'म्हणजे आता चिनी उसनवारी!' असा टोला येथे येणार. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. मनिलाच्या दक्षिणेस बातांगास प्रांतात कालातागान येथे झोबेल घराण्याची हासिएन्दा होती. तेथे १९५८ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाच्या वतीने रॉबर्ट फॉक्स याच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि स्पॅनिश लोक येण्याच्या आगेमागे पुरलेल्या शेकडो माणसांच्या कबरी सापडल्या. त्या मृतांच्या उशापायथ्याशी चिनी आणि सयामी मातीची भांडी ठेवलेली होती. झोबेलने या उत्खननात स्वतः भाग घेतला. ते माणूस मूळचे तेथले. त्याच्या अंत्यसंस्कारातले, म्हणजे संस्कृतीच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यातले भांडे चीनच्या भट्टीतले. चिनी रेषा त्या बेटांवर स्पॅनिश माणसाच्या आधी पोहोचली होती आणि तेथल्या लोकांबरोबर मातीआड गेली होती. १९६३ मध्ये झोबेलने फिलिपीन्समधील धार्मिक मूर्तींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या मूर्तींची प्रतिमाविद्या स्पॅनिश, कोरणारे हात पुष्कळदा चिनी आणि फिलिपिनो, आणि कित्येक हस्तिदंती चेहऱ्यांवर डोळे आशियाई ठेवणीचे. जुन्या गोव्यातल्या चर्चमधील हस्तिदंती मूर्ती ज्यांनी डोळसपणे पाहिल्या आहेत, त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. सिरिंजमधून बाण सोडणारा हाच माणूस या मूर्तींची जुळवाजुळव आणि वर्गवारी करीत होता, ही गोष्ट 'उसनवारी' या एका शब्दाने कशी झाकायची? आणि शुद्ध मूळ नावाची जी वस्तू तुम्ही शोधता आहात, ती त्या कबरीत तरी होती काय?

येथपर्यंतच्या विवेचनाने आमचे कलावादी मित्र सुखावले असतील. त्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. कारण कालातागानच्या त्याच जमिनीची दुसरी एक कथा आहे. हासिएन्दाच्या हक्कपत्रांत समुद्रकिनाऱ्यापुढचा पाण्याखालचा भागही आल्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वाढीव भाग सार्वजनिक मालकीचा ठरवला. ज्या घराण्याच्या मिळकतीच्या नकाशात समुद्रही सामावत होता, त्या घराण्यातला माणूस कॅनव्हासवरून एकेक वस्तू काढून टाकीत शांततेकडे निघाला होता. या विरोधाकडे डोळेझाक करून केवळ अवकाशाचा प्रत्यय, रेषेची आध्यात्मिकता वगैरे शब्दांचा धूप जाळणे ही समीक्षा नव्हे. अमूर्त कला करायला वेळ लागतो, वेळ विकत घ्यावा लागतो, आणि झोबेलचा वेळ कोणीतरी उसाच्या शेतात उभे राहून कमावला होता. १९५१ मध्ये हार्वर्डहून परतल्यावर तो काही वर्षे दिवसा आयाला कंपनीच्या कचेरीत काम करी आणि उरलेल्या वेळात चित्रे काढी. कचेरी आणि चित्र यांच्यामधली ती भिंत आपण कायमची मानायची की नाही, हा प्रश्न कलावाद्यांना विचारला पाहिजे.

पण हे लक्षात घ्या की हा प्रश्न देशीवादी विचारीत नाहीत. ते वंश विचारतात, मालमत्ता विचारीत नाहीत. रक्त कुठले हे त्यांना हवे असते. जमीन कुणाची हे नको असते. त्यामुळेच आमोर्सोलोच्या भातशेतात कापणी करणारी माणसे कुणाची कुळे आहेत, हे न विचारता ते चित्र त्यांना आपले वाटू शकते. त्या चित्रात श्रम आहेत, घाम नाही. झोबेलच्या चित्रात निदान घामाचा खोटा देखावा नाही. हा काही मोठा गुण आहे असे मी म्हणत नाही. परंतु मूल्यमापनाच्या तराजूत त्याचे काही वजन असावे.

राजकीय आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो देशीवाद्यांकडून नव्हे, डाव्यांकडून येतो. अमूर्त चित्र काही बोलत नाही, म्हणून ते हुकूमशहांना परवडते. मनिलातील सांस्कृतिक केंद्र १९६९ मध्ये मार्कोस दांपत्याच्या दिमाखात उघडले, तेव्हा मुख्य रंगमंचाच्या पडद्यावर एर्नान्दो ओकाम्पोचे 'जेनेसिस' हे अमूर्त चित्र विणलेले होते. हा ओकाम्पो तरुणपणी कथा-कादंबरी लिहिणारा आणि तीसच्या दशकात गरिबीची चित्रे रंगवणारा माणूस. झोबेलचे क्वेन्का येथील स्पॅनिश अमूर्त कलेचे संग्रहालय १९६६ मध्ये उघडले, तेही फ्रँकोच्या राजवटीत. आणि त्या राजवटीने १९५८ च्या व्हेनिस बिएनालेत अमूर्ताचा उपयोग जगापुढे उदार चेहरा मिरवण्यासाठी केला होता. आक्षेप खरा आहे. मार्कोसशाहीत १९७६ मध्ये 'काइसाहान' गटाच्या समाजवास्तववादी चित्रकारांनी मोर्चे, मजूर आणि तुरुंग रंगवले, हे त्या राजवटीतले धाडस होते आणि त्याचे मोल अमूर्ताच्या प्रेमापायी कमी करण्याचे कारण नाही.

तथापि त्याच मार्कोसने १९७४ मध्ये खेड्यांचे स्पॅनिश वळणाचे 'बारिओ' हे नाव बदलून स्पॅनिशपूर्व काळातील 'बारांगाय' हे नाव दिले. बांबू दुभंगून पहिला पुरुष आणि पहिली स्त्री बाहेर आली, या लोककथेतील मालाकास आणि मागांदा यांच्या रूपात त्याने आपली आणि इमेल्डाची चित्रे काढवून घेतली. सैनिकी कायद्याच्या काळातल्या 'नव्या समाजा'ला प्राचीन देशी परंपरेचे अत्तर लावण्यात आले. हुकूमशाहीच्या दिवाणखान्यात अमूर्त होते, तसे देशीही होते. किंबहुना देशी अधिक बोलके असल्याने अधिक उपयोगाचे होते. तेव्हा अमूर्ताला जो नियम लावाल तो बांबूच्या कथेलाही लावा. तसे करण्याची तयारी आपल्याकडे मला अद्याप दिसलेली नाही, आणि ज्या काळात ही तयारी अत्यंत आवश्यक आहे त्या काळात आपण हे बोलत आहोत, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

झोबेलने १९६० च्या दशकाच्या आरंभी देश सोडला, ही शेवटची तक्रार. जाण्यापूर्वी त्याने आपला संग्रह देऊन आतेनेओ दे मनिला विद्यापीठात कलादालन उभे केले. १९६० सालचे हे दालन त्या देशातील आधुनिक कलेचे पहिले संग्रहालय. त्याच्या पिढीला घरच्यांनीच किती विरोध केला होता, हेही ध्यानात घ्यावे. १९५५ च्या स्पर्धेत आधुनिकांना पारितोषिके मिळाली म्हणून परंपरावादी चित्रकार आपली चित्रे उचलून सभागृहाबाहेर गेले आणि त्यांनी ती रस्त्याच्या कडेला मांडली होती. क्वेन्काच्या दरीवर लोंबणाऱ्या जुन्या घरांत गुस्ताव्हो तोर्नेर आणि हेरार्दो रुएदा यांच्या साथीने त्याने जे संग्रहालय उभारले, तेही १९८० मध्ये हुआन मार्च प्रतिष्ठानाला देऊन टाकले. फिलिपीन्समध्ये तो 'राष्ट्रीय कलावंत' झाला नाही. ओकाम्पोला तो मान १९९१ मध्ये, आर्तुरो लुसला १९९७ मध्ये आणि होसे होयाला २००३ मध्ये मिळाला. १९६४ च्या व्हेनिस बिएनालेत फिलिपीन्सने प्रथमच भाग घेतला, तेव्हा होयाचीच चित्रे गेली होती, आणि त्याच्या जाड, उसळत्या रंगलेपाचे मोल झोबेलच्या बारीक रेषेहून कमी नाही, असे माझे मत आहे. परंतु होयाला मोठे म्हणण्यासाठी त्याचे आडनाव पुढे करावे लागत नाही, त्याचा कॅनव्हास पुरतो.

२०२२-२३ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने झोबेलवर प्रदर्शन भरवले. प्रादोत वही घेऊन तो वर्षानुवर्षे बसत असे आणि जुन्या चित्रांवरून रेखाटने करून त्यांना उत्तर द्यावे तशी आपली अमूर्त चित्रे रंगवी. त्यांना त्याने 'संवाद' असे नाव दिले होते. सत्तरच्या दशकातील पांढऱ्या मालिकेत रंग जवळजवळ नाहीसा होतो आणि डोळ्याला थांबून, शोधून पाहावे लागते. मला स्वतःला ही मालिका 'साएता'पेक्षा दुबळी वाटते. तिच्यात जोखीम कमी आहे. सुरुची इतकी वरचढ झाली आहे की हाताला चुकण्याची मुभाच राहिलेली नाही. झोबेलवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो येथे घेता येतो, आणि त्याचा संबंध त्याच्या सुस्थितीशी जोडता येतो का हेही तपासता येते. मात्र त्यासाठी दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्या लागतील. प्रस्तुत लेखकाच्या मताशी ज्यांचे पटणार नाही त्यांनी आमोर्सोलोची तिजोरी, रिसालची भाषा आणि कालातागानची कबर या तिन्हींचा हिशेब आपल्या कसोटीने लावून दाखवावा. ते उत्तर याच नियतकालिकाच्या पानांवर यावे, अशी अपेक्षा आहे.